कामट्या

कुडचड्याला, रेल्वे फाटकापलीकडच्या चर्चच्या सभागृहात
शनिवारी खुर्च्या भिंतीला लागत,
काथ्या भरलेल्या गाद्या जमिनीवर,
आणि कायतान सर पहिले तीन महिने
आम्हाला नुसतं पडायला लावत.
हनुवटी छातीला. तळहात सपाट, आवाज आला पाहिजे.
"पडूंक शीक गो, उडोवंक मागीर."

तरी जोविताचा खांदा निखळलाच.
बाबांना बोलावलं. सोयरू वेळीप,
माडावरून पडलेले, खाणीच्या ट्रकवरून पडलेले
सगळे ज्यांच्या ओसरीवर कण्हत यायचे.
कुळागरातून तसेच आले, काष्टीवर.
गादीवर चपला घालायच्या नसतात
हे सांगावं लागलं नाही. चपला नव्हत्याच.

एक हात काखेत, एक मनगटाला,
"तुझ्या पायची म्हैस व्याली का गो?"
आणि खट्ट.

मग सरांकडे वळून: "हे मोडायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

सरांनी चहा मागवला.
जपानात, म्हणाले, तलवार हातातून गेल्यावर
जे उरायचं ते हे.
चिलखताला धरून आडवं करायचं, वर बसायचं, सुरी काढायची.
शेकडो घराणी, प्रत्येकाचे डाव गुंडाळीत, गुंडाळी पेटीत.
मग लढाया संपल्या.
मग एक दिवस कमरेची तलवारही कायद्याने उतरवली.
आखाड्यांत गवत वाढलं.
कोणी तिकीट लावून कुस्त्या दाखवल्या,
आणि पुष्कळ उस्तादांनी दारावर पाटी टांगली:
हाडं बसवून मिळतील.

बाबा एवढे हसले की बशीत चहा सांडला.
"म्हणजे आमचेच भाऊबंद!"

पुढचं सरांनी भराभरा सांगितलं, काळोख पडत होता:
एक तरुण मास्तर म्हाताऱ्यांपाशी बसून डाव वेचत गेला,
जीव घेणारे बाजूला ठेवले,
पाडलेल्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही म्हणाला,
आणि विद्येचं नाव बदलून
तिला वाट म्हणू लागला.
मग रंगीत पट्टे आले, गुण आले, घड्याळ आलं,
अलीकडे तर पाय धरणंही बंद.
बाबांच्या लक्षात राहिली बाही.
घरी जाताना दोनदा विचारलं, "सोडत नाहीत?"

तेव्हापासून दर शनिवारी खिडकीखाली, पानाची पुडी घेऊन.
शिकले मात्र नाहीत.
सर लिस्बनला मुलाकडे गेले, गाद्या माझ्याकडे आल्या,
आत उंदीर झाले, काथ्या पुन्हा भरला,
खिडकीखालचा माणूस तोच.

यंदा न्हाणीत पाय घसरला. मनगट.
"हात टेकलात ना?" मी ओरडले.
"टेकायचा नसतो, आपटायचा असतो!
पंधरा वर्षं काय बघत होता?"
"तुला," ते म्हणाले, आणि कळ आली म्हणून डोळे मिटले.

कामट्या त्यांनीच तासून ठेवलेल्या, फळीवर, जुन्या.
पाला वाटला, फडकं गुंडाळलं,
त्यांची बाही माझ्या मुठीत.
"घट्ट नको," डोळे मिटूनच म्हणाले,
"रक्ताला वाट ठेव."