प्रत्यय

आयाकुचोच्या नगरपालिकेत, वरच्या मजल्यावर,
दुभाषीची खुर्ची माझी.
पडद्यावर लिमातले न्यायाधीश
मधूनच थिजतात, तोंड उघडंच राहतं.
शेजारी सातुर्निना वार्काया,
टोपी मांडीवर, टोपीत परतीचं तिकीट.
सहा तासांचा घाट उतरून आलीय, तिसऱ्यांदा.
मागच्या दोन्ही खेपांना
केचुआ जाणणारं कुणी मिळालं नव्हतं.

ती बोलते, मी तिचं स्पॅनिशमध्ये ओतते
आणि दर वाक्याला थोडं सांडतं.
आमच्या भाषेत वाक्य असंच सुटत नाही,
शब्दाला शेपूट लावून द्यावं लागतं.
'मि' म्हणजे मी तिथे होते, या डोळ्यांनी पाहिलं.
'सि' म्हणजे ऐकलंय. लोक सांगतात. म्हणे.
लबाडालासुद्धा यातलं एक उचलावं लागतं.

नर्स आली, मि.
तांदूळ आणि तेल देईन म्हणाली, मि.
माझी दोन मेंढरं अजून डोंगरावर होती, मि.
गाडीत आम्ही अकराजणी.
तेओफिलानं खिडकीतून उडी टाकायला बघितलं,
तिला वेणीनं धरलं, मि.
माझा अंगठा त्यांनीच शाईत बुडवला, मि.
दाराला बाहेरून कडी, मि.
सुई.

इथे ती थांबली.
मग दुसऱ्याच आवाजात,
माझं पोट कापलं, सि.
आतलं काहीतरी बांधून टाकलं, सि.
आता मूल होणार नाही, सि.

सरकारी वकिलाला कुणीतरी
नेमकं एवढंच व्याकरण शिकवलं होतं.
"म्हणजे ऐकीव," तो म्हणाला.
"बाईंनी स्वतः काहीच पाहिलेलं नाही."

पाहणार कशी?
भूल दिलेलं माणूस स्वतःच्या देहाबद्दलही
'म्हणे'च म्हणू शकतं.
आम्ही जन्माबद्दल असं बोलतो:
गारपिटीत जन्मले मी, म्हणे.
होतो, पण नव्हतो.
ते शेपूट तिनं
न होणाऱ्या जन्मांना लावलं.

दुभाषीला मत नसतं.
पोटातलं पोटात ठेवायचे पैसे मिळतात मला.
तरी उठले, "महोदय, याची नोंद..."
आणि पडदा थिजला.

अर्धा तास.
जिन्यात क्रिसांता बसली होती, वही घेऊन.
वीस वर्षं ती गावोगाव नावं गोळा करतेय,
तिला लिहिता येत नाही, नात लिहिते.
जी गेली तिच्या नावाशी काळ्या लोकरीचा एक टाका.
पानं जाड झालीत, वही मिटत नाही.
खाली चौकात बायकांनी फलक भिंतीला टेकवून
उकडलेले बटाटे सोडले होते.
फलकावर घोषणा नव्हती,
नुसते अंगठे, शेकडो,
या वेळी आपल्या हातानं उमटवलेले.

पडदा जिवंत झाला.
न्यायाधीश म्हणाले, "बाईंची संमती होती का, विचारा."
संमतीला आमच्याकडे सरळ शब्द नाही.
मी विचारलं, तुला हवं होतं का?

"मानाम् मुनार्कानिचु."

मी सांगितलं, नाही. नको होतं.
टंकलेखकानं बोटं उचलली, आणि मी म्हणाले, थांबा.
तिच्या 'नाही'तच 'मि' आहे.
नकार तिनं प्रत्यक्ष पाहिलेला आहे.
"नकार पाहिला, असं लिहू?"
लिहा.

वकील हसला. म्हणाला,
सगळ्या बाया राजीखुशीनं आल्या होत्या.
मी ते केचुआत सांगू लागले
आणि शेपटापाशी अडले.

सातुर्निनानं टोपी घातली.
"हा तिथे होता का? याचं मि की सि?"
मी म्हणाले, त्याच्या भाषेत
ते सांगावं लागत नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
आणि हळूच विचारलं,
"मग त्यांना एकमेकांचं कळतं कसं?"