सहीखालची ओळ

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत
ठराव लिहायचं काम माझं,
आणि लिहिलेला अध्यक्षांसमोर नेऊन ठेवायचंही.

त्या रविवारी ठराव अकरा मंजूर झाला.
बेचाळीस हात वर, त्यांतले चार ओले,
थेट जाळ्यावरून उठून आलेले.
कलम चार: खाडीच्या तोंडाशी
कोणाचाही ट्रॉलर जाळं ओढणार नाही.
'कोणाचाही' हा शब्द द्रुपदाबाय टिकमचा.
तिने हट्टाने घालायला लावला,
मी काकपद देऊन वर लिहिला,
समासात माझी आद्याक्षरं.

मेतरसाहेबांनी ठराव फेटाळला नाही.
फेटाळायचं तर पुन्हा बैठक, कारण द्यायला हवं,
माणसं अंगणात येऊन उभी राहतात.
त्यांनी चहा मागवला. चष्मा पुसला.
माझंच पेन घेऊन झोकदार सही केली, तारखेसकट,
आणि सहीखाली बोटभर जागा उरली होती
तेवढ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात:

कलम चार अध्यक्षांच्या अधिकारास बाधा न आणता वाचावे.

वरचा एक शब्द खोडला नाही.
ठराव होता तिथेच,
खाडीत रोवलेल्या खुंटासारखा ताठ.
पायथ्याची वाळू तेवढी निघाली.

पेपरात फोटो आला.
सही करताना अध्यक्ष, मागे टाळ्या,
टाळ्यांत मीही, अर्धा.
शेरा फोटोत मावला नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या भाच्याचा ट्रॉलर
दोन रात्री खाडीच्या तोंडाशी.
तक्रार गेली. तालुक्याचे साहेब आले, वही मागितली,
आणि आमचा ठराव खालून वर वाचू लागले.
पहिल्याच ओळीला थांबले.
मान डोलावली. सोलकढी छान झाली होती म्हणाले.

सांजेला द्रुपदाबाय दारात,
रिकामी टोपली उंबऱ्याला टेकवून.
"आमी ठरवलेला काय, ता माका वाचून दाखव."

वाचलं. एक, दोन, तीन.
चार. 'कोणाचाही' जरा मोठ्याने.
मग सही, तारीख.
वही मिटू लागलो.

तिने मध्येच बोट घातलं,
नेमकं तिथे.
"हय शाय आसा अजून," म्हणाली.
"माका वाचूक येणा नाय.
दिसता."

बोट उचललं तेव्हा
शेऱ्यावर बांगड्याचा एक खवला चिकटून राहिला.