तिसऱ्या अंकातलं पॅरिस

ब्रह्मपुरीहून आरमोरीला जाताना
वैनगंगेच्या पुलाआधी, धानाच्या पुंजण्याला लागून
एक पाटी: फ्रेंच जेवण मिळेल.
खाली खडूनं: आज चालू.

टेम्पो थांबला तो खरं तर रेडिएटरच्या पाण्यासाठी.
पडदे, तलवारी, माझा ऑर्गन, अकरा माणसं,
रात्री प्रयोग डोंगरगावला,
आणि जागरणानं सगळ्यांचे डोळे पळसाचे.

ओमराज नैताम नाव त्याचं.
नऊ वर्षं पुदुच्चेरीत, एका फ्रेंच म्हातारीच्या चुलीपाशी.
ती गेली. हा परत आला
एक जडशीळ कढई आणि तिचे चार शब्द घेऊन.
"पैल्यांदा म्हटलं, यावर सांबार टाका,
तं आंबट वरनच ओतलं जी त्यायनं.
कोथिंबीर म्हना लागते, हे मंग समजलं."

वाडगे मांडून तो म्हणाला, बोन आपेती.
देवाजी तबलेवाले म्हणाले, पेटी टेम्पोत आये, काढू का?

हसलो सगळे.
कुंदा नाही हसली.

कुंदा आमच्या तिसऱ्या अंकात पॅरिसला जाते.
पुठ्ठ्याचं टेबल, मागं रंगवलेला मनोरा,
रिकाम्या वाडग्यात पत्र्याचा चमचा.
सात हंगाम झाले, दिवाळी ते होळी,
तिथं जेवते ती
आणि जेवता जेवता नवऱ्याला सोडते.
बाया पदर डोळ्यांना लावतात.
मी खालच्या 'नी'वर थांबतो.

आज वाडग्यात खरंच काही होतं.
कांदा, तासभर परतून गुळाच्या रंगाला आलेला,
वर शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर चीजची साय,
दुधातुपाची नाही, कसली तरी परकी.
ती बघत राहिली, जणू एंट्री चुकली आहे.
मग स्टेजवर उचलते तसाच चमचा उचलला,
करंगळी बाहेर, मान तिरपी,
आणि जीभ पोळली.

"कोनी सांगतलंच नाही जी," ती म्हणाली,
डोळ्यांत पाणी, खरं,
"का हे इतकं गरम रायते."

पार्वत्याला पावच आवडला नाही.
मॅनेजरनं माणशी ऐंशीचे सत्तर केले
आणि वर दोन पास दिले.
ओमराजनं ते कढईखाली ठेवले.
आला की नाही, माहीत नाही.

रात्री एक वाजता तिसरा अंक.
थंडी अशी की माइकवर दव.
कुंदा बसली. वाडगा ओढला.
चमचा तोंडाशी नेता नेता थांबली
आणि फुंकर घातली.

मांडवात हजारेक माणसं,
एक शेंग फुटल्याचा आवाज नाही.
पुढच्या बोऱ्यावर, घोंगडीतून, एक पोरगं मायला विचारतं,
"लय गरम आये का वो?"

माझं बोट 'नी'वर होतं.
दाबायचं राहिलं.

पुढचं वाक्य तिचं, नवऱ्याला सोडायचं.
तिनं आणखी एकदा फुंकर घातली.