चतुःसीमा

रात्री साडेनऊनंतर जाहिराती माझ्या टेबलावर येतात.
आधी निधन, मग नावात बदल,
मग कुणाची हरवलेली गुणपत्रिका,
आणि शेवटी, पाव पानाच्या, ताबा नोटिसा.
त्यांचा साचा तयार असतो.
नाव बदलायचं, रक्कम बदलायची.
‘तमाम जनतेस याद्वारे सूचित करण्यात येते की’
हे मी अकरा वर्षांत एकदाही नव्याने टाइप केलेलं नाही.

आजचा ऋणको: हेमराज डोमाजी पौनीकर.
सहऋणको: सौ. सुलोचना.
मौजा हुडकेश्वर, प्लॉट एकसष्ट
व त्यावरील बांधकाम.

बांधकाम म्हणजे खाली कूलरचा कारखाना, वर दोन खोल्या,
गच्चीवर वाळ्याच्या ताट्या,
आणि मार्चपासून सगळ्या गल्लीला तो ओला वास.
दोन वर्षं भर मे महिन्यात गारा पडल्या.
लोक म्हणाले, काय मस्त थंडावा आला बा यंदा!
हेमराज पत्र्याचे दोनशे डबे पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

साठ दिवसांची नोटीस आली तेव्हा
कागद घेऊन तो माझ्या फाटकाशी उभा होता.
‘काय म्हन्ते जी हे, ताई? तुमी तं पेपरात आहा.’
मी म्हटलं, बँकेत जाऊन बोला.
गेला. बोलला.
बँकेलाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं.
माझ्या नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीची ठेव तिथेच आहे,
साडेसात टक्के, दर तिमाहीला व्याज,
त्यातून मुलीची शिकवणी.
ते व्याज कुठून येतं, मी कधी विचारलं नाही.
भिंतीपलीकडून येत होतं.

चतुःसीमा खालीलप्रमाणे.
पूर्वेस: नऊ मीटर रस्ता.
पश्चिमेस: प्लॉट चौऱ्याहत्तर.
उत्तरेस: प्लॉट साठ.
दक्षिणेस: प्लॉट बासष्ट, श्रीमती निर्मला खोरगडे यांचे घर.

ती मी.

जन्मात पहिल्यांदा पेपरात नाव,
तेही दुसऱ्याच्या घराची हद्द म्हणून, आठ पॉइंटात.

पण मी दक्षिणेला नाही.
डिसेंबरात हेमराजच्या जिन्याची सावली
दिवसभर माझ्या अंगणात असते,
मुगवड्या वाळत नाहीत.
सावली उत्तरेला पडते, म्हणजे उत्तरेला मी.
बँकेत कुणीतरी नकाशा उलटा धरला होता.

दहा चाळीसला प्राधिकृत अधिकाऱ्यांना फोन लावला.
मागे लग्नाचा बँड.
‘मॅडम, जसं पाठवलं तसंच छापा.
मागच्या खेपेला तुमच्या लोकांनी एक शून्य खाल्लं होतं.’
मी म्हटलं, साहेब, दिशा...
‘दिशा कोण वाचते, मॅडम?’

फोनची वेळ वहीत लिहिली, खाली सही केली.
दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं.
एकदाच सांगितलं.
मग अठरा लाख बेचाळीस हजार सहाशे सात, अधिक व्याज,
अंकी आणि अक्षरी जुळतात का ते पाहिलं,
आणि पान सोडलं.

सकाळी तो रस्त्यावरच भेटला, पेपर हातात.
‘ताई, आपलं दोघायचंबी नाव आलं.’
हसला. खरंच हसला.
सुलोचना वरून खाली बघत नव्हती.

मी म्हटलं, पंचेचाळीस दिवस आहेत.
न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील गाठा.
पैसे द्यावेच लागतील, ते काही चुकत नाही,
घर राहील की नाही मला ठाऊक नाही.
पण जाण्याआधी दिशा वाचा.

‘दिशा?’

मी फाटक लावून घेतलं.
खिडकीतून दिसत होतं:
सूर्य पाण्याच्या टाकीवर आला होता
आणि हेमराज रस्त्याच्या मधोमध,
आधी पेपर फिरवून पाहत होता,
मग स्वतःला.