शुक्रवारपर्यंत यादी

आर्वो, तुमचा तक्ता मिळाला.
साधनाचं नाव, नग, किंमत, वयोगट.
वयोगटासाठी तुम्ही
नखाएवढी जागा सोडलीय.

नमुन्यांची खोकी सोमवारच्या बोटीनं आली.
फेब्रुवारीत ती बर्फ फोडत येते, उशिरा,
तोवर अकराही मुलं खिडकीशी.
काचेवर नाकांचे अकरा ओले ठसे अजून आहेत,
पुसवत नाहीत.
पहिले दोन दिवस खेळली ती खोक्यांशीच.
हे लिहू का तक्त्यात?
खोकं, नग चार, किंमत शून्य, वयोगट सगळे.

मग मी गुडघ्यांवर बसले.
सत्तावन्नाव्या वर्षी हे सोपं नाही,
पण तीन फुटांवरून खोली कशी दिसते
हे उभ्यानं कळत नाही.
तिथून भिंतीवरचा मोठा पडदा
नुसता उजेडाचा डाग असतो,
आणि सगळ्यात मोहक वस्तू म्हणजे
चार्जिंगच्या कपाटातला हिरवा ठिपका.

टॅब्लेटमधला कोल्हा फार गोड बोलतो.
मिर्टेलनं गोल काढला : शाब्बास!
गोल फाटला : शाब्बास, पुन्हा काढ!
काहीच काढलं नाही
तर विसाव्या सेकंदाला हाक :
कुठे गेलीस?
ती कुठेही गेली नव्हती, आर्वो.
विचार करत होती.
एवढ्या हाका मारणारा पाहुणा
मी दुसऱ्या दिवशी बोटीत बसवला असता.

फरशीवर चालणारी पिवळी मधमाशी :
पुढे, मागे, डावी, उजवी.
चार वर्षांच्या ऊकूनं तिला स्वतःच्या टोपीत गुंडाळलं.
झोपलीय म्हणाला, बटणं दाबायची नाहीत.
सात वर्षांच्या हेल्मी आणि तान्नेलनं तिच्यासाठी
ठोकळ्यांचं बंदर बांधलं.
सहा वेळा ती समुद्रात गेली.
सातव्यांदा दोघांनी बूट काढले,
बुटाला बूट लावून अंतर मोजलं,
आणि भांडले,
कारण एकाचे बूट मोठे.
त्या भांडणातून काय निघालं
ते गणिताच्या पुस्तकात पान चाळीसवर आहे.
आम्ही पान सहावर आहोत.

सूक्ष्मदर्शक ठेवा.
त्यात आम्ही लोकरी हातमोजा पाहिला
आणि त्याला चिकटलेला कालचा लापशीचा दाणा.
अर्धा तास कुणी हललं नाही.

आता ते लाल बटणाचं ध्वनियंत्र.
पडदा नाही, चित्र नाही, कोल्हा तर नाहीच.
रूबेन ते तीन दिवस खिशात घालून फिरला.
मला वाटलं, किनाऱ्यावर बर्फ तडकतो
तो आवाज आणील. त्याला तो आवडतो.
गुरुवारी गोलात बसून सगळ्यांनी ऐकलं.
बर्फ नव्हता.
माझा आवाज होता.
जपून. जपून हं. नको, ते नको.
काय करतोयस तू?
झालं का?
छान! जपून.
मुलं खदखदून हसली, मीही हसले,
पण मी मोजत होते.
दोन हाकांमध्ये
कोल्ह्याइतकासुद्धा वेळ मी सोडत नाही.

रात्री तुमचा तक्ता पुढे घेऊन बसले.
खिडकीबाहेर बर्फ खरोखरच तडकत होता,
इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

तर यादी अशी.
ध्वनियंत्र, नग दोन.
सूक्ष्मदर्शक एक.
मधमाशी एक; दुसरी नको,
दोन असल्या तर भांडण होणार नाही.
टॅब्लेट आठपैकी सात परत.
एक ठेवते, बंदर आवरण्याआधी
त्याचा फोटो काढायला,
आणि मिर्टेलच्या बाबांसाठी.
ते नॉर्वेत जहाजावर असतात,
बुधवारी तिथून गोष्ट वाचतात,
वाचताना मध्ये मध्ये थांबतात,
तेव्हा ती काहीतरी सांगते.

वयोगटाची चौकट कोरी सोडलीय.
चूक नाही ती.
आणि खोकी तीनच परत येतील.
चौथ्यात मधमाशी झोपलीय,
ऊकू म्हणतो, वसंतापर्यंत.