उलटं वाचन

लोक दारात बूट काढतात, आवाज खाली आणतात
आणि तिसऱ्या मिनिटाला विचारतात : ती खोली कुठली?
मी म्हणते, आधी स्वयंपाकघर.

राउमातलं हे पिवळं लाकडी घर.
कवयित्री आइला वेहमास इथे अकरा वर्षं राहिली
आणि चाळिसाव्या वर्षी आपल्या हातानं गेली.
हे वाक्य मी रोज चारदा म्हणते,
उन्हाळ्यात सहादा.
जिभेवर त्याचा घट्टा पडलाय.

मीही अशीच आले होते, एकोणीस वर्षांची,
ताम्पेरेहून बसनं, आईचा काळा कोट घालून.
तिची तिरकी सही मला तिच्यापेक्षा बरी जमायची.
आणि माझी ती एकटीच नव्हती :
वहीच्या मागच्या पानावर नावं होती, नऊ देशांतली,
लिहिणारे, आणि अर्ध्यातून उठून गेलेले.
प्रत्येक नावापुढं वय.
त्यातून मी माझं वजा करत बसायचे.
जे म्हातारे होऊन, दात पडून, साध्या खोकल्यानं गेले
त्यांची पुस्तकं मला खोटी वाटायची.

आइलाला मी शेवटाकडून वाचलं.
तिचं मरण कंदिलासारखं हातात धरून मागं मागं गेले.
ज्या ओळीवर उजेड पडे ती निरोपाची निघे.
बर्फ म्हणजे तेच. होडी म्हणजे तेच.
'काळ्या पाण्यावर उगवलेला एवढासा चंद्र'
या ओळीखाली मी तीन रेघा मारल्या होत्या,
शाई पलीकडं उमटेपर्यंत.

तिची धाकटी बहीण हेल्वी दर गुरुवारी यायची,
वेलदोड्याचे दोन पाव घेऊन. रेघा बघून हसली.
अगं, ती कॉफी!
युद्धानंतर कितीतरी महिन्यांनी दूध मिळालं होतं,
कपात एक थेंब पडला
आणि ही खुर्चीवर उभी राहून ओरडली.

पत्त्यांत चोरायची, हेल्वी म्हणाली.
माझे चाळीस मार्क बुडवलेन्.
मग बराच वेळ ती बशी पुसत राहिली.
कोरडीच होती बशी.

सगळे विचारतात, ती का गेली.
मी त्या दिवशी घरी का नव्हते हे
एकानंही विचारलं नाही, पोरी.
पोरीच्या बाजारात लेस विकायला गेले होते.
तिला नवा चष्मा करायचा होता.

हेल्वी गेली एक्क्याण्णवाव्या वर्षी, झोपेत.
बाहेर तिच्या नावाची पाटी नाही.

आज एक मुलगी आली, ऑक्टोबरात, एकटीच.
हात बाह्यांत ओढून घेतलेले.
खोली नाही विचारलीन्.
म्हणाली, मला ती ओळखीची वाटते.

मी खालचा खण उघडला, जो फेरीत नसतो.
अर्ध्या कवितेचा कागद. उलटा केला.
खमीर. बुटांचे तळवे. वाचनालयाचा दंड.
मंगळवारी हेल्वीचा वाढदिवस, केक मी करणार.
'मी'खाली रेघ.

मुलीनं दोनदा वाचलं.
मग? मंगळवारी?
मंगळवार आला, मी म्हटलं.
हेल्वी पस्तिशीची झाली.
खमीर कपाटात तसंच होतं.

ती काही बोलली नाही.
मला वाटलं, आता सही दाखवावी, चष्म्याची रिकामी पेटी,
जे दाखवायचं ते. पण माझ्या तोंडून निघालं :
तूही वयं मोजतेस का?

खिडकीवर पाऊस तिरका लागत होता.
तिनं हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
बाहीतून एक हात बाहेर आला,
नखं कुरतडलेली, टेबलावर पालथा पडला.

साडेचारची बस चौकातून वळताना दिसली,
आम्ही दोघींनी पाहिली.
पुढची सव्वासहाला.
पाटी मी उलटी केली, 'बंद' बाहेर.
किटली ठेवली.
तुझं नाव काय, तुझ्या घरी आत्ता कोण असतं,
असलं सगळं विचारायला वेळ होता.

तिनं विचारलं, दूध आहे?