अर्धा आटा

तपासणी केंद्रातल्या पोरानं
सायलेन्सरमध्ये नळी खुपसली,
पडद्याकडे बघत राहिला आणि कागद हातात ठेवला:
कार्बन मोनॉक्साइड पाच पूर्णांक एक.
"काका, ही गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते."
मी म्हटलं, एक्याऐंशी सालची आहे रे.
तो म्हणाला, यंत्राला वय कळत नाही.

रुस्तावीत धुरावरून कुणी कुणाला बोललेलं
मला तरी आठवत नाही.
पोलाद कारखान्याच्या चिमण्या नारिंगी धूर सोडायच्या,
वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी
गंज चढल्यासारख्या निघायच्या,
आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत
माझी बायको नाझिब्रोला
काचेच्या नळ्यांत धूर धरून मोजायची.
आकडे वहीत जायचे,
वही कपाटात.
चिमण्यांना कुणी नापास केलं नाही.

आता ती इटलीत, पादोव्हाला.
एका म्हातारीचं अंग पुसते, गोळ्या मोजते.
सात वर्षं.

बॉनेट उघडून मी फोन लावला.
तिकडे सकाळचे आठ,
म्हातारीचा पाव दुधात भिजत पडलेला.
"फिल्टरचं झाकण काढ," ती म्हणाली,
"आणि फोन जवळ धर.
तुझ्या तोंडाजवळ नको, गाडीच्या."

झिगुलीच्या कार्बुरेटरला दोन स्क्रू असतात,
एक मात्रेचा, एक गुणाचा.
नावं मी ठेवलेली नाहीत,
गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातच तशी आहेत.
मात्रेनं ठरतं इंजिनानं उभ्या जागी किती फिरायचं,
गुणानं ठरतं
हवेचं आणि पेट्रोलचं आपसात कसं जमायचं.
गुणाच्या स्क्रूवर
तिच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, चेरीच्या रंगाचा.
जाण्याआधीच्या हिवाळ्यात लावलेला:
इथून हलवायचा नाही, थंडीत गाडी रुसेल.
मी नाही हलवला.
सात वर्षं गाडी जरा जास्तच पीत राहिली.
मीही.

"ठिपका कुठे आहे?"
"वर. बाराच्या जागी."
"उजवीकडे अर्धा आटा आवळ."

इंजिन खोकलं, मग दम धरून उभं राहिलं.
ती गप्प.
फोनमधून दुसऱ्या देशातल्या नळाचं पाणी ऐकू येत होतं.
"आणखी पाव."
आता ते थरथरायला लागलं, बॅटरीवर ठेवलेला पाना
नाचत नाचत कडेला गेला.
"मागे. केसभर.
आता मात्रेचा घे. किंचित वर. थांब.
थांब म्हटलं ना.
हं."

इतकं सरळ बोलणं
आमच्यात कधीचं झालं नव्हतं.
पैसे पोचले का? पोचले.
दाढ दुखते का? नाही.
आणि आज: पाव. केसभर. थांब.

पलीकडे घंटी वाजली,
म्हातारीला उठवायची वेळ.
"तपासणी झाली की परत ठिपक्यावर आणू?"
"नको, गुराम. पुसून टाक तो.
चिंधीला पेट्रोल लाव, निघतो."

दुसऱ्या खेपेला एक पूर्णांक तीन.
मात्रा लागू पडली होती,
गुण यायचा तो आला होता.
पोरानं शिक्का मारला, वर म्हणाला,
कुठल्या गॅरेजात नेलीत?
मी म्हटलं, लांब आहे.

परतताना कारखान्याच्या फाटकापाशी
सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली.
मागचे हॉर्न वाजवत होते.
मी चावी फिरवत होतो
आणि चिमणीकडे बघत होतो,
आज तिच्यातून काही निघत नव्हतं.

चिंधी डिकीतच आहे.
ठिपका आता नऊच्या जरासा अलीकडे,
आडवा झालेला.
रात्री बाथरूमच्या कपाटात
तिची बाटली सापडली.
आतलं सगळं आळून घट्ट झालंय.
थेंबभर पेट्रोल घातलंय त्यात,
स्वयंपाकघरात बसून
हलवतोय.